आत्याचा लाल ठिपका

दादाला पाणी पोचवायचं आणि त्याला उचलून आणायचं, एवढ्यासाठी आम्ही निघालो होतो.

माझा थोरला भाऊ डोंगरांपलीकडे, मिठाच्या पठारावरच्या हवामान केंद्रात एकटाच राहायचा. वाऱ्याचं यंत्र दुरुस्त करायला तो खांबावर चढला आणि खांब त्याच्यासकट पाण्याच्या पिंपावर कोसळला. पाय मोडला, पिंप फुटलं. वायरलेसवर हे त्यानं असं सांगितलं, जणू शेजाऱ्याची हकीकत. नंतर वायरलेसही मुका झाला. कार्यालयाचा ट्रक निघाला होता, पण डोंगराला वळसा घालून यायला त्याला चार दिवस लागणार होते; आणि तोही काठापर्यंतच, कारण मिठाचा पापुद्रा ट्रकचं वजन पेलत नसे. पाण्यावाचून तिथे माणूस इतके दिवस टिकत नाही.

आमच्याकडे विमान होतं. आत्यानं स्वतः बांधलेलं, दोघांपुरतं. ती मोटारींचं गॅरेज चालवायची आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उरलेलं आयुष्य. पंखांचं कापड मी शिवलं, म्हणून तिनं माझं नाव ‘सुई’ ठेवलं. अजूनही कुठे रोगणाचा वास आला की ती शेड माझ्यापुढे उभी राहते: भिंतीवर नट आवळायचे लहानमोठे पाने, जुन्या पिस्टनवर ठेवलेला चहाचा कप, आणि पंखाला कुणाचं नख लागलं तरी ओरडणारी आत्या.

शेडचा नियम एकच होता. एकीनं नट आवळायचा. दुसरीनं पुन्हा पाना लावून बघायचा आणि वर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. आवळणारीनं ठिपका द्यायचा नाही. आत्या म्हणायची, माझ्या हातावर माझा फार विश्वास आहे, भीती त्याचीच वाटते.

बेत साधा होता. उतरायचं, मी पाण्याचे डबे घेऊन, ट्रकमधली माणसं काठावरून चालत येईपर्यंत तिथेच थांबायचं आणि आत्यानं दादाला घेऊन उडायचं.

विमान पहिल्यापासून जड धावलं. कुणीतरी मागून पदर धरून ठेवावा तसं. धावपट्टी संपत आली, पुढे दरी दिसू लागली, तेव्हा कुठे चाकं सुटली! डोंगर खालून सरकत गेले. झाडं विरळ झाली, मग संपली, आणि पुढे नजर पोचेल तिथवर पांढरं, निर्जीव पठार पसरलं. त्यावर आमची सावली एकटी पळत होती.

तेवढ्यात वास आला. पेट्रोल!

माझ्या गुडघ्यापाशी पेट्रोलची गाळणी होती, तिच्यातून बारीक धार गळत होती. तिच्या नटावर लाल ठिपका होता, पण ओघळलेला. माझे ठिपके टिकलीसारखे गोल असत. ओघळ आणायची ती आत्या, तिला ब्रश निथळायला वेळ नसे.

“आत्या, हा नट कुणी तपासला?”

सकाळी मी डबे भरत असताना तिनंच गाळणी साफ केली होती, तिनंच नट बसवला होता.

“हात लावून बघ,” ती म्हणाली.

नट माझ्या बोटांत फिरला! मी आवळला, जितका हातानं आवळता येतो तितका. पाने मागच्या पेटीत होते. धार थांबली, थेंब थांबले नाहीत. तळातून झिरपून ते डाव्या चाकाकडे उतरत होते. आत्यानं सांगितलं, टेकलो की पेट्रोलचा कॉक बंद कर, माझ्याकडे बघत थांबू नकोस.

टेकलो. लगेच डावीकडे ओढल्या गेलो. ब्रेकवर आत्याचा पायही नव्हता, तरी चाक धरलं होतं! विमान गरकन फिरलं, मीठ उडालं, आणि थांबता थांबता तापलेल्या चाकाखाली भप्पकन निळी ज्योत उठली.

मी कॉक फिरवला. उडी मारली. ओंजळी भरभरून मीठ फेकलं. आत्यानं अंगातला कोट काढून चाकावर दाबला. ज्योत विझली, पुन्हा उठली, पुन्हा विझली. शेवटी नुसता धूर राहिला.

केंद्राच्या झोपडीच्या दारात दादा सरपटत आला होता. ओठ फुटलेले. पाणी पोटात गेल्यावर म्हणाला, एवढा धूर करून येता, निदान चहा तरी ठेवायचा होता.

आत्या चाकापाशी बसली. गेल्या आठवड्यात विमानाच्या ब्रेकचं लाल तेल संपलं, म्हणून तिनं गॅरेजमधलं मोटारीचं ओतलं होतं, उद्या बदलू म्हणून. त्या तेलानं आतली रबरं फुगली होती. दाबलेला ब्रेक सुटतच नव्हता.

दादाचं म्हणणं, ब्रेकमधलं तेल काढून टाका म्हणजे चाक सुटेल, नट आवळा आणि चला. आत्यानं मला विमानाभोवती फिरवलं. म्हणाली, गोल ठिपके किती, ओघळलेले किती, खरं सांग. मी फिरले. गेल्या आठवड्यातल्या घाईचे ओघळ जागोजागी होते, सुकाणूच्या तारेवरसुद्धा.

“घरच्या पट्टीपुढे दरी आहे,” आत्या त्याला म्हणाली, “आणि ब्रेक नाही. तुला मी त्यात बसवणार नाही.”

ट्रकमधली माणसं चालत पोचेपर्यंत पाणी तिघांना पुरणारं नव्हतं. काठावर ट्रक येणार होता, तिथवर पोचायलाच हवं होतं. तिनं खिशातला चाकू काढला आणि पंखावर टेकवला. हात थबकला. मग मी घातलेली शिवण टर्रकन उसवत गेली.

पंखाचा बाहेरचा तुकडा आम्ही सोडवला, उलटा केला, दादाला त्यावर बांधलं. मिठावरून तो घसरगाडीसारखा सरकू लागला. मागे दीड पंखाचं विमान तिरपं होत लहान होत गेलं. आत्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. पापुद्रा पायाखाली कुरकुरत होता. मधेच तडकायचा, आणि आम्ही श्वास धरून उभ्या राहायचो. दादाचं बोलणं थांबलं की आत्या मुद्दाम त्याला डिवचायची, शिवी आली की पुढे चालायची.

डबे रिकामे झाल्यावर काठ दिसला. तिथून खडकांचा उतार होता. दादाला दोरानं धरून खाली सोडायचं होतं आणि खाली, धुरळ्यात, ट्रक उभा होता.

आत्यानं दोर बांधला. गाठ ओढून पाहिली. पुन्हा ओढली. मग बाजूला झाली.

“सुई,” ती म्हणाली, “ही गाठ तू बघ.”