वेहूरचं स्वस्थान

इस्त्रीला द्यायचे कपडे गोळा करायला मधुमती वरुणच्या खोलीत शिरली, तेव्हा संगणकाच्या आडोशाला तिला तो देव दिसला. वीतभर उंचीची, कच्च्या मातीची मूर्ती. अंग माणसाचं, कान बैलाचे, एका हातात हातोडी आणि दुसरा हात काहीतरी मागितल्यासारखा पुढे पसरलेला. चेहऱ्याच्या जागी मात्र अंगठ्याने दाबून केलेला गुळगुळीत खळगा. अंगावर धूळ आणि पायाशी खाऊन टाकलेली चिप्सची पुडी.

"देवाच्या पायाशी उष्टं! या मुलाचं करायचं तरी काय?" ती स्वतःशीच म्हणाली. गेल्या महिन्यात वरुण कॉलेजच्या मित्रांबरोबर चाकसूकडे हिंडून आला होता. तिकडच्या एखाद्या खेड्यातलं दैवत त्याने उचलून आणलं असणार, असा तिने तर्क केला. नवऱ्याच्या, उत्तमरावांच्या, विम्याच्या नोकरीत बदल्या होऊन होऊन ती सांगलीहून जयपूरच्या जगतपुऱ्यात येऊन पोचली होती. सामान दर वेळी कमी झालं, रीती मात्र एकही सुटली नव्हती. दारात आलेल्या देवाला उपाशी ठेवायचं नाही, ही त्यांतली एक. आणि ज्याचं कूळ ठाऊक नाही त्याला देवघरात घ्यायचं नाही, ही दुसरी. तिने दोन्हींची सांगड घातली. मूर्ती स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीशेजारी मांडली, फुलाने पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, वाफाळत्या वरणभाताची वाटी समोर ठेवली आणि भोवती पाणी फिरवलं.

संध्याकाळी वरुण आला आणि हसून हसून बेजार झाला.

"आई, हा भगवान नाहीये! मतलब... मीच बनवलाय. आमची एक दुनिया आहे ना, गेमसाठी, त्यातला आहे. वेहूर. युद्धाचा देव नीरजने घेतला, समुद्राचा राजनने. मला उरलेलं मिळालं. कारागिरी, चूल आणि जनावरं."

"म्हणजे बिनमहत्त्वाची खाती," पेपरातून डोकं न काढता उत्तमराव म्हणाले. "नवख्या मंत्र्याला देतात तशी."

"थट्टा पुरे," मधुमती वैतागून म्हणाली. "मी नैवेद्य दाखवलाय त्याला. आता तो कुणी का बनवला असेना!"

तिचं हे वाक्य बापलेकांना अडाणीपणाचं वाटलं. पण लोकदैवतांच्या इतिहासाकडे पाहिलं तर ते बरंचसं खरं होतं. शेंदूर लागण्याआधी कुठलाही दगड दगडच असतो. देवाला जन्म कथेने मिळतो. वस्ती मात्र त्याला पहिल्या घासाने मिळते.

वेहूरने वस्ती केली, आणि तीही घरजावयासारखी.

आधी बंद पडलेला मिक्सर चालू झाला. मग कुकरची सुटलेली मूठ एका सकाळी घट्ट बसलेली आढळली. उत्तमरावांच्या चपलेचा तुटलेला पट्टा कुणीतरी शिवून ठेवला होता. टाके इतके बारीक की डोळ्यांजवळ धरावे तेव्हा दिसत, आणि दोरा सुती नव्हता. तो केसांचा होता, राठ आणि तांबूस. उत्तमराव खूश झाले. मधुमतीने चप्पल चिमटीत धरून बाहेर ठेवली.

मग जनावरं येऊ लागली. तळमजल्यावरच्या त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आधी गल्लीतली कुत्री बसली, नंतर गाई, मग शेळ्या. एके दुपारी रेल्वे स्टेशनकडून माल घेऊन निघालेला उंटगाडा वळणावर थांबला, आणि गाडीवानाने शिव्या मोजल्या तरी उंट खिडकीकडे मान करून बसला तो उठेना. एकही जनावर ओरडत नव्हतं. कुत्रं गाईवर भुंकत नव्हतं. रणरणत्या दुपारी ती सगळी खिडकीकडे तोंड करून बसत आणि एकाच लयीत श्वास घेत. भिंतीआडून तो आवाज भात्यासारखा येई... भरे, रिकामा होई, पुन्हा भरे. गॅसच्या त्या घरात गोवऱ्यांच्या धुराचा वास येऊ लागला होता.

"भूत परवडलं," शेण झाडता झाडता मधुमती म्हणाली. "भूत निदान रात्री येतं आणि घाण करत नाही."

वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण किशोरीदेवी खाली आल्या. "भाभीजी, ये मकान है कि गोशाला? हटाइए इन्हें, नहीं तो घर खाली कर दीजिए." वरुणची परीक्षा तोंडावर होती. अशा वेळी घर बदलायचं म्हणजे मुलाचं वर्ष पाण्यात घालण्यासारखंच होतं.

मधुमतीने वरुणला समोर बसवलं. "याला निरोप कसा द्यायचा, सांग. काहीतरी ठरवलं असशीलच."

वरुणने मान खाली घातली. "त्याचा सण ठरवलाय. प्रसाद ठरवलाय. पण निरोप... वो सोचा ही नहीं, आई."

"अरे, देव आणायची हौस, आणि पाठवायचं भान नाही? गणपतीलासुद्धा जावं लागतं! तुझा कोण मोठा लागून गेला?"

मार्ग किशोरीदेवींनीच नकळत दाखवला. दुसऱ्या दिवशी बास्योडा होता. शीतलामातेच्या त्या दिवशी जयपुरात घरोघरी चूल थंड ठेवतात आणि आदल्या दिवशीचं शिळं खातात. "कल चूल्हा मत जलाना," त्या बजावून गेल्या. चुलीच्या देवाला घालवायला चूल थंड असलेल्या दिवसाहून चांगला मुहूर्त कोणता?

बास्योड्याच्या सकाळी शेगडी थंड होती. वरुणने आपल्या देवासमोर हात जोडले आणि कसाबसा निरोप रचला, "ही चूल आता तुझी नाही. इथली आग संपली. तू जा." एवढ्याने मधुमतीचं समाधान होईना. आपल्या उत्तरपूजेत देवाला नुसतं 'जा' म्हणून हाकलत नाहीत. तिने मूर्तीवर अक्षता टाकल्या आणि लहानपणापासून ऐकलेले शब्द जोडले, "आपल्या स्वस्थानी परत जा." मग मूर्ती बादलीतल्या पाण्यात सोडली. माती विरघळली. खिडकीखालची जनावरं एकेक करून उठली आणि मागे वळून न पाहता निघून गेली. गोवऱ्यांचा वास गेला. शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू येऊ लागला.

"सुटलो बाई," मधुमती म्हणाली, आणि वरुण जमिनीवर कोसळला.

त्याचं कपाळ तव्यासारखं तापलं होतं. हातपाय मात्र गार. ओली पट्टी कपाळावर ठेवली की चर्र होई आणि ती पाहता पाहता सुके. उत्तमराव डॉक्टरला आणायला धावले. वरुणचे ओठ हलत होते.

"आई... आत कुणीतरी ठोकतंय..."

"कुठे रे?"

"डोक्यात... हातोडीने. काहीतरी घडवतोय. संपवतच नाहीये..."

तेव्हा मधुमतीला आपली चूक कळली. गणपतीला कैलास आहे, गौरीला माहेर आहे. या देवाला गाव नव्हतं, डोंगर नव्हता, पाताळ नव्हतं. तो जिथून आला तेच त्याचं एकमेव स्वस्थान होतं, आणि तिने अक्षता टाकून, हात जोडून, त्याला विधिपूर्वक तिथेच परत पाठवलं होतं.

ती शेगडीकडे धावली. माता रागावली तर रागावो, चूल पेटवून त्याला पुन्हा तिथे बोलवायचं. लायटरची ठिणगी पडली, गॅसचा वास आला, पण जाळ धरेना. काडी ओढली, ती बर्नरजवळ नेताच विझली. दुसरी विझली. तिसरीही. ही चूल आता त्याची नव्हती. वरुणने तसं सांगितलं होतं, आणि देवाने ते ऐकलं होतं.

ती परत येऊन मुलाच्या उशाशी बसली. आतून हलका, सावकाश ठोका ऐकू येत होता. तिला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त संताप आला होता.

"अरे, तू देव आहेस की भाडेकरू?" वरुणच्या कपाळावर दोन्ही तळवे दाबून ती त्या न दिसणाऱ्याशी भांडू लागली. "खायला घातलं कुणी? मी. तुझ्या गाईंचं शेण काढलं कुणी? मी. आणि बसलास कुठे, तर त्या पोराच्या डोक्यात! चूल हवी ना तुला? मग नीट बघ. सांगली सोडल्यापासून घरं बदलली, शेगड्या बदलल्या, या घराची चूल मीच आहे. बसायचं तर इथे बस... आणि त्याला सोड."

ठोका थांबला.

तळव्यांखालचं कपाळ हळूहळू निवत गेलं. वरुणला घाम फुटला. त्याने डोळे उघडले आणि भूक लागल्याचं सांगितलं. मधुमती हसली, रडली, आणि इतका त्रास दिल्याबद्दल त्याला दोन शब्द सुनावायलाही विसरली नाही.

दारावर थाप पडली. किशोरीदेवी मातेचा प्रसाद घेऊन आल्या होत्या. काल शिजवून रात्रभर माठाशेजारी ठेवलेली बाजरीची थंडगार राबडी, पितळी वाटीत. "बच्चे को खिला दीजिए. माता सब ठंडा रखे," असं म्हणून त्या जिन्याकडे वळल्या. मधुमतीने वाटी दोन्ही हातांत धरली आणि खोलीत नेली.

वरुणने वाटीकडे पाहिलं. मग आईकडे.

"आई... आज चूल पेटवायची नव्हती ना?"

तिने खाली पाहिलं. राबडी कडेने रटरटत होती. मधोमध एक बुडबुडा आला, फुटला, आणि दुसरा आला. पितळ खालून काळं पडत चाललं होतं. वाटी टाकून द्यावी असं तिच्या मनात आलं. पण का टाकावी, ते मात्र आठवेना, कारण तिच्या हातांना काहीच लागत नव्हतं.