फटफटीचा पैरा

त्या सकाळी मी इतकी दमले होते, की ओढ्यात माणूस उभा आहे की म्हैस, हेसुद्धा मला आधी उमगलं नाही. मग म्हैस बोलली.

"बाई, बैल मिळतील का तुमचं?"

गुडघाभर पाण्यात एक तरुण, डोक्यावर पलटणीची टोपी, आणि त्याच्या मांडीला टेकून बंद पडलेली फटफटी. अश्विनातला पाऊस बारीक भुरभुरत होता. मी बैल जुंपून, पाभर घेऊन शाळू पेरायला निघाले होते. रानाला वापसा आला होता, पण ती ओल फार तर दोन दिवस टिकणार. मग माती घट्ट, आणि वर्षाची भाकरी गेली.

"मिळतील की," मी म्हटलं. "पण माझी पेरणी कोण करणार?"

"पैसं देतो."

"पैसं पेरून शाळू उगवत न्हाई. आमच्या कुंडल गावात पैरा चालतो. माझं बैल आज तुमच्या कामाला, तुमी उद्या माझ्या रानात."

तो हसला. "आमच्या उंब्रजला बी पैरा असतोय. मी शेतकऱ्याचाच हाय. नाथाजी."

"हातावरनं वाटत न्हाई."

"तेलानं काळं हायती म्हणून?"

"काळ्याचं काय न्हाई... कासऱ्याचा वण न्हाई कुठं."

त्यानं खरंच हात उलटेपालटे करून बघितले. मला हसू आलं, आणि आलं म्हणून रागही आला. हरिबा, माझा नवरा, इटलीच्या लढाईत कामी आला त्याला दोन वर्षं होत होती. तेव्हापासून रान, बैल आणि घर मी एकटी ओढत होते. बायकांनी पाभर धरू नये म्हणणारे गावात पुष्कळ. त्यातला पेरून देणारा एकही नाही.

दोर बांधून बैलांनी फटफटी घरापर्यंत ओढली. मनुबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातच उभ्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

"हे काय आणलंस गं?"

"पावणं हायत. उंब्रजचं."

"पावणं दिसतंय मला. मागचं काय?"

नाथाजीनं सोप्यात बसून फटफटीच्या पोटातून नारळाएवढा लोखंडी डबा काढला. मॅग्नेटो म्हणे. ठिणगी तोच पाडतो, आणि तो आतून भिजला होता. त्याला जाळ नको, नुसती ऊब हवी होती. चुलीच्या वैलावर, बाजूच्या मंद आचेवर, आमचं दूध असायचं. मी दूध उतरवलं आणि तिथं तो डबा ठेवला.

"आता लोखंडाला साय येती का बघा," आत्याबाई म्हणाल्या.

"हात लावून बघत ऱ्हावा," तो मला म्हणाला. "हाताला सोसंल एवढंच ऊन पायजे."

मी हात लावला. त्यानंही लावला. लोखंड अजून गारच होतं, तरी कुणी हात काढला नाही...

"वाळलं हे कळतं कसं?" मी विचारलं.

"तुमी हात काढला की कळंल."

मी हात काढला — जरा उशिरानंच.

दुपार कलली तेव्हा फटफटी सुरू झाली आणि कोंबड्या माळ्यावर चढल्या. सांगलीच्या एका गिरणीत इंजिनावर त्याची नोकरी ठरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं होतं. "उद्या येतो," म्हणून तो गेला. नोकरी टाकून पैरा फेडायला कोण येतं? पेरणीचं वाईट वाटतंय, असं मी स्वतःला सांगत राहिले.

उजाडायला फटफट ऐकू आली.

"नोकरी?" मी विचारलं.

"एक दिस उशिरा येतो म्हणून कालच सांगितलं. ते म्हणालं, मग येऊच नगा."

"आन तरी आलासा?"

"ओढ्यात तुमचं बैल उतरलं हुतं... गिरणीवालं न्हाई."

त्यानं पाभर धरली, मी मागून बी सोडत गेले. त्याच्या ओळी अशा नागमोडी, की आत्याबाई बांधावर बसून तोंडाला पदर लावून हसत होत्या. पण दिवस मावळायच्या आत पेरणी झाली.

तो सांगलीला परत गेलाच नाही. भाऊसो पाटलांच्या मळ्यातलं पाण्याचं इंजिन त्यानं चालू केलं, मग आणखी कुणाचं. राहायचा देवळात, आणि संध्याकाळी आमच्या सोप्यात यायचा, फटफटी दुरुस्त करायला. धडधाकट फटफटी त्यानं तीनदा खोलली. मला संध्याकाळची ओढ लागली होती आणि त्या ओढीचीच भीती वाटत होती.

कार्तिकात मी बैलांना पाणी दाखवायला ओढ्यावर गेले, तर तो आधीच तिथं उभा.

"राहीबाई, तुमच्यात पाट चालतो, बाईचं दुसरं लगीन. मी विचारलंय."

"कुणाला?"

"भाऊसोंला. तुमाला आता विचारतोय."

खोटं कशाला सांगू? मला तो हवा होता. पण म्हटलं, "आत्याबाईंचा लेक गेला. मी बी उंब्रजला गेले, तर त्या घरात दिवा लावायला कोण? लय दमलेय वो मी... पर त्यांला सोडून न्हाई येणार."

"उंब्रजला चला कोण म्हणतंय? तिथं थोरलं दोघं भाव हायती. इंजिनं हितं बी बंद पडत्यात." तो बैलाची पाठ थोपटत राहिला. "मला तुमच्याकडं ठेवून घ्या म्हणतोय."

मी बैल घराकडं वळवले. घरी येऊन चुलीपुढं मान खाली घालून आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या.

"तू जात न्हाईस म्हणून मला बरं वाटायचं," त्या म्हणाल्या, "आन लाज बी वाटायची. माझ्यापायी तू माझ्याआधी म्हातारी हुया लागलीस. बोलीव त्याला. हरिबाची जागा न्हाई मिळायची म्हणावं. त्याची त्यानं करून घ्यावी."

त्यांचे डोळे भरले होते. मी भाकरी उलटायला पुढं झाले, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला.

मार्गशीर्षात गाजावाजा न करता पाट लागला.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा ऊन परसात आलं होतं. अंगणात दोघांची जुंपली होती.

"बैलांला आधी पाणी, मग वैरण. उंब्रजला उलटं करत्यात व्हय?"

"आवं आत्याबाई, हळू... ती उठंल."

"न्हाई उठत. दोन वरसांची झोप हाय तिची. तूच हळू बोल."

मी ऐकलं, कूस बदलली, आणि पुन्हा झोपले.