दोन्ही आवाज माझेच

भुताचा सिनेमा भर दुपारी दाखवायचा, ही आमच्या फिल्म सोसायटीची तऱ्हा. हौस म्हणून नाही. सिडकोतला तो हॉल रविवारी दुपारीच फुकट मिळायचा, आणि दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात जिथं कुलर असेल तिथं लोक काहीही बघायला तयार होते. बीड बायपासपलीकडं रोज नवी इमारत उठत होती, बोअर कोरडे पडत होते, टँकरपाशी बायका भांडत होत्या. आणि बँकेतून रिटायर झालेले आमचे अध्यक्ष काकासाहेब, त्यांना सुचलं काय, तर जगातले अभिजात भयपट. तेही मूकपट.

मूकपटात मधूनमधून इंग्रजी पाट्या येतात. आमचे निम्मे प्रेक्षक वाळूजचे कामगार आणि त्यांच्या घरच्या बायका. म्हणून मी पडद्याशेजारी माइक घेऊन उभा राहायचो आणि सगळ्यांचं मराठीत बोलायचो. राजाचं मी, राणीचं मी, भुताचंही मीच. एकानं विचारलं की लगेच दुसऱ्याचं उत्तर द्यायचं. मध्ये जरा खंड पडला की लोक चुळबुळ करतात. कंपनीत मी क्वालिटीला आहे, आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो. रविवारी मनासारखं बोलायला मिळायचं. मला ते लई आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आई कुलरसाठी यायची. आवडाबाई तिचं नाव. फुलंब्रीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. बहात्तरच्या दुष्काळात माझे वडील मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हा मी तिच्या पोटात होतो. त्यांचा फोटो नाही, काही नाही. आईनं कुंकू मात्र पुसलं नाही, आणि त्यावरून कुणी चकार शब्द काढला की त्याची ती खरडपट्टी काढायची. माझी बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो.

पहिल्या सिनेमात बाजाराचा देखावा होता. बर्फ, घोडागाड्या, टोप्या घातलेले गोरे लोक. आई अंधारातून मोठ्यानं म्हणाली, "अजिनाथ, ह्यो तर तुजा बाप."

लोक हसले. मीही हसलो. पडद्यावरच्या गर्दीच्या मागं, भिंतीला लागून एक माणूस काठीवर भार देऊन उभा होता. एक पाय जमिनीवर, दुसऱ्याचा तळवा गुडघ्याला टेकवलेला. मेंढरांमागं दिवस काढणारे आपल्याकडं असेच उभे राहतात. आईचं मन राखावं म्हणून मी माइकवर त्याच्या तोंडी एक वाक्य घातलं, लई लांब आलो, असलं काहीतरी.

परत जाताना स्कूटरवर ती माझ्या मागं रडत होती. मी विचारलं तर म्हणाली, आवाज अगदी त्यांचाच काढलास. आता मी त्यांचा आवाज कुठं ऐकला होता?

दुसऱ्या दिवशी तो बाजार लॅपटॉपवर पुन्हा पाहिला. भिंत होती. माणूस नव्हता. उन्हातून अंधारात आल्यावर डोळ्यांपुढं येतं तसलं काही असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि कामाला लागलो.

पुढच्या रविवारी निराळा सिनेमा होता. त्यात एक मयत चालली होती, आणि मयतीच्या मागून तोच माणूस काठी टेकत येत होता. या वेळी जवळ, आमच्याकडं तोंड करून. मी काहीच ठरवलं नव्हतं, देवाशपथ. माझ्या तोंडून आलं, "आवडे, पोराला नाव काय ठेवलंस?" आणि सवयीनं लगेच उत्तरही मीच दिलं, "अजिनाथ."

आई पदरात तोंड घालून नव्या नवरीसारखी हसली. नंतर काकासाहेबांनी मला बाजूला घेतलं. घरच्या गोष्टी सिनेमात घालत जाऊ नका म्हणाले, आणि मग विचारलं, तो काठीवाला कोण, कथेत तर तो नाही. म्हणजे त्यांनाही दिसला होता. माझ्या अंगावर काटा आला. पण खरं सांगू? आनंदही झाला. बापानं माझं नाव विचारावं, असं मला जन्मभर वाटत आलं होतं.

त्या आठवड्यात आईनं ठेवणीतलं लुगडं काढलं. निम्मी भाकरी ताटातच ठेवायला लागली. दाराशी गाठोडं बांधून ठेवलं.

"येत्या ऐतवारी न्यायला येत्यात," ती म्हणाली.

मी चिडलो, नको ते बोललो. घाबरलो होतो. ती गेली तर मला कोण होतं? शनिवारी तिला फुलंब्रीला दगडाताईकडं, माझ्या थोरल्या बहिणीकडं नेऊन सोडलं. ताईला बजावलं, मी स्वतः न्यायला येईपर्यंत हिला उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नको. आई वाटभर गाठोडं छातीशी धरून बसली होती.

रविवारी मी हॉलवर गेलो. जायला नको होतं. पण आई नसली की तो माणूसही नसेल, हे मला बघायचंच होतं. पाटीवर असेल तेवढंच बोलायचं, असं ठरवलं.

सिनेमात एक घर होतं, त्यात नवरा आणि बायको. गर्दी कुठंच नव्हती. बायको शिवत बसली होती.

दार उघडलं. तो काठीवाला आत आला.

बायकोनं मान वर केली नाही. तो पुढं येत राहिला, पडदाभर त्याचाच चेहरा झाला. माझ्यासारखाच चेहरा, माझ्याहून बराच तरुण.

त्यानं कुलरजवळच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

त्याचे ओठ हलले. मी माझे घट्ट मिटले होते.

"आवडा कुठंय?" सगळ्या हॉलनं ऐकलं.

प्रश्न आला की उत्तर द्यायचं, एवढीच माझी सवय.

"फुलंब्रीला," मी माइकवर म्हणालो. "दगडाताईच्या घरी."

तो वळला आणि दारातून निघून गेला. बायको शिवतच राहिली.

मी माइक टाकून उन्हात आलो, ताईला फोन लावला. तिनं बऱ्याच वेळानं उचलला.

"आई कुठंय?"

"कुठंय म्हंजी? आत्ता तर तुज्यासंगं धाडली. मी चुलीपाशी व्हते, दारातून तुजा आवाज आला, म्हातारी गाठोडं घेऊन पळतच गेली."

मी फोन कानाला धरून स्कूटरकडं धावलो. तिनं आवाज खाली आणला.

"पण अजिनाथ, एक सांगते, मला ते बरं नाय वाटलं. जन्म देणाऱ्या आईला कुणी असं नावानं हाक मारतं का?"