चौथी तार

हे मी रंगवून सांगत नाहीये. रंगवायचं असतं तर निदान स्वतःला थोडं बरं दाखवलं असतं.

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच घडतात असं आपण धरून चालतो. ही दुपारी चार वाजता सुरू झाली. गेल्या ऑक्टोबरातला पहिला शनिवार. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटपासून पाऊण तासावर टेकड्यांच्या पलीकडे एक लहानसं विमानांचं म्युझियम आहे, तिथे. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी राधिका. फ्रीमाँटला राहते, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. उल्हासकाका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. चाळीस वर्षं अमेरिकेत मेकॅनिकल इंजिनिअर होते. रिटायर झाले आणि सहा महिन्यांत त्यांना घर खायला उठलं. रत्नाकाकूच्या फोडणीतसुद्धा सुधारणा सुचवायला लागले, तेव्हा तिनेच त्यांना त्या म्युझियममध्ये व्हॉलंटिअर म्हणून पिटाळलं.

तिथे त्यांना एक मोडलेलं विमान मिळालं.

१९१२ सालचं. लाकूड, कापड आणि तारा, बस्स. एकावर एक असे दोन पंख, आणि ते जागेवर राहावेत म्हणून मध्ये ताणलेल्या तारा. वॉल्टर प्राइस नावाचा तेवीस वर्षांचा पायलट जत्रेत ते उडवून दाखवायचा. त्या काळात असे पायलट पटापट मरायचे. लोक तिकीट काढून बघायला यायचे, आणि त्यातले काही पडतंय का तेच बघायला यायचे. एका रविवारी गर्दीसमोर डावा पंख मिटला आणि वॉल्टर खाली आला.

विमानापुढच्या पाटीवर त्याच्याबद्दल एकच ओळ होती. नाव, वय, आणि पुढे 'पायलट एरर'.

काका ते विमान दोन वर्षं जोडत होते. मी गेले की मला तारा वाजवून दाखवायचे. "बोटाने छेड. नीट ताणलेली तार गाते. टण्ण. ऐकलंस? जुने मेकॅनिक कानानेच तपासायचे."

आणि एक दिवस त्यांनी मला खिशातून एक गंजका तुकडा काढून दाखवला.

"ही डाव्या पंखाची चौथी तार. मूळ खोबणीतच अडकलेली होती. ओळख बघू."

मला काय कळणार.

"कुंपणाची तार आहे ही. शेताला लावतात ती. आयत्या वेळी कोणीतरी हीच पिळून बसवली आणि त्याला वर पाठवलं. त्याची काही चूक नव्हती गं."

"मग पाटी बदलायला सांगा ना."

काकांनी तुकडा टूलबॉक्सच्या तळाशी टाकला. त्यांचं सांगून झालं होतं. पण ती जत्रा भरवणाऱ्या माणसाचा नातू म्युझियमचा अध्यक्ष होता. मॅनेजर डगने काकांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, इतकी जुनी गोष्ट आहे, जाऊ दे. शिवाय विमानाखाली पितळेची पट्टी लागणार होती, 'जोडणी: उल्हास देवस्थळी'. रिटायर झालेल्या माणसाला अशा पट्टीचं काय वाटतं ते मी तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं.

काका गप्प बसले. मीही.

आमचा दसरा इथे शनिवारी असतो. तिथी गुरुवारी होऊन गेलेली असली तरी सुट्टी शनिवारीच. दसऱ्याला गाडी, लॅपटॉप, हत्यारं सगळ्यांची पूजा करायची, तशी काकांनी त्या विमानाची करायची ठरवली. डगला गंमत वाटली. त्याने फोटोही काढले. काकांनी पंख्याला झेंडूचा हार घातला, इंजिनाला हळदकुंकू लावलं, आणि मग प्रत्येक तारेला कुंकवाचं बोट लावत गेले.

रत्नाकाकू बाजूला उभी होती. ती म्हणाली, "ज्याने मारलं त्याला हार. जो मेला त्याला एक फूल नाही. छान आहे तुमचं."

काका हसले. मीही हसले.

डग फोन घ्यायला बाहेर गेला. आम्ही तिघं पेढे खात दाराजवळ उभे होतो. विमानापासून वीस पावलांवर.

टण्ण...

मी वळून पाहिलं. विमानाजवळ कोणीच नव्हतं.

टण्ण...

वारा नव्हता. दारं बंद होती.

टण्ण...

आणि मग...

ठप्प.

ओल्या दोरीवर बोट मारावं तसा मेलेला आवाज. काका पांढरेफटक पडले. चौथी तार त्यांनी स्वतः नवीन बसवली होती. ते धावत गेले आणि बोटाने छेडली. टण्ण. चांगली गात होती.

पण पाटीवर कुंकवाचं बोट ओढलेलं होतं. 'पायलट एरर' या शब्दांवरून, आडवं.

"तुम्ही लावलंत?" मी विचारलं.

काकांनी नुसती नकारार्थी मान हलवली. त्यांनी रुमालाने पाटी पुसली. लाल डाग पूर्ण गेला नाही.

तीन आठवडे गेले. मग एका रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. माझा फोन स्पीकरवर होता.

"राधिका, गाडीचा ब्रेक जरा खोल जातोय. उद्याची अपॉइंटमेंट आहे ना? तू नेणार आहेस ना?"

त्यांची गाडी सर्व्हिसला मी नेते, कारण तो गराज माझ्या ऑफिसजवळ आहे. मी म्हटलं, "काका, उद्या ऑफिसात रिलीज आहे यार, मला जमणार नाही. मी रीशेड्यूल केलंय. पुढच्या सोमवारी नेते. तोवर जपून चालवा."

"बरं," ते म्हणाले.

आणि मागून आवाज आला. टण्ण... टण्ण... टण्ण... ठप्प.

"काका, काय वाजवताय?"

"मी? मी कणीक मळतोय. तुझ्या काकूचा हात दुखतोय."

मी फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला.

बुधवारी सकाळी अकरा वाजता काकांची गाडी फ्रीवेवरून उतरताना वळणावर सरळ गेली आणि भिंतीवर आदळली. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नव्हत्या. गाडीचं इतकं भुस्कट झालं होतं की तपासण्यासारखं काही उरलं नाही असं म्हणाले. रिपोर्ट आला. वय बहात्तर, वेळेवर ब्रेक दाबला नाही.

'ड्रायव्हर एरर'.

त्यांच्या वस्तूंची पिशवी मी घेतली. चष्मा, फोन, आणि तो कुंपणाच्या तारेचा तुकडा. तेव्हापासून टूलबॉक्सच्या तळाशी पडून असलेला. सोबत घडी घातलेला कागद होता, काकांनी टाईप केलेला. डगला नाही, थेट म्युझियमच्या बोर्डाला उद्देशून. वॉल्टर प्राइसची चूक नव्हती, पाटी बदला, जमणार नसेल तर माझी पट्टी काढून टाका. काका तेच द्यायला निघाले होते.

तारेला कुंकू लागलेलं होतं. दसरा होऊन तीन आठवडे झाले होते.

कुंकू ओलं होतं.

दिवसांना घरात माणसं जमली. सगळे चांगले लोक. सगळ्यांनी एकच सांगितलं, या वयात फ्रीवेवर जायलाच नको होतं, रिफ्लेक्सेस राहत नाहीत, पण काका कोणाचं ऐकायचे का. रत्नाकाकू कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिने मला एकदाच विचारलं.

"गाडी सोमवारी सर्व्हिसला नेली होतीस ना गं?"

मी म्हटलं, "हो."

इतकंच. एक शब्द. तेव्हापासून काकूचा मेलेल्या नवऱ्यावर राग आहे. हट्टी होता, मला एकटीला टाकून गेला, म्हणते. त्यांच्या फोटोला ती हार घालत नाही. आणि मी तिला समजावते, काकू, असं बोलू नये. मला माझीच किळस येते.

ते पत्र मी अजून बोर्डाला पाठवलेलं नाही. पाठवलं तर काका त्या दिवशी कुठे चालले होते ते काकूला कळेल, मग ती विचारत जाईल, आणि विचारता विचारता सोमवारपर्यंत पोचेल. म्युझियममध्ये वॉल्टर प्राइस अजून चुकलेलाच आहे. काकांची पितळेची पट्टी लागली आहे, तिला मोठ्या कौतुकाने टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

जानेवारीपासून काकू माझ्याकडे राहते. आवाज मला आधीपासूनच येत होता. घराच्या गराजमधून, दिवसाढवळ्या. मी दार उघडलं की थांबतो. तारेचा तुकडा मी दोनदा कचऱ्यात टाकला. दोन्ही वेळा तो माझ्या गाडीच्या सीटवर मिळाला. गेल्या महिन्यात मी गाडीचे ब्रेक तीनदा तपासून घेतले. उत्तम आहेत म्हणतात.

काल दुपारी काकू भाजी निवडत होती. मी कॉलवर होते, म्यूट करून.

टण्ण... टण्ण... टण्ण...

काकूचा हात थांबला.

ठप्प.

"तुलाही येतो ना हा?" ती म्हणाली. "मला रोज येतो. मी बोलले नाही, म्हटलं तू घाबरशील." ती गराजच्या दाराकडे बघत राहिली. "हे आहेत गं. यांना काहीतरी सांगायचंय मला. काय असेल?"

मी लॅपटॉपवरून मान वर केली.

"पाइप वाजतात, काकू," मी म्हटलं. "टाउनहाऊसचे पाइप असेच असतात."

तिने मान हलवली आणि पुन्हा भाजी घेतली.

थोड्या वेळाने मी लॅपटॉप मिटला. झाकणावर कुंकवाचं एक बोट ओढलेलं होतं, आडवं. काकू जागेवरून उठलेली नव्हती. तिचे हात मेथीने हिरवे झाले होते.