डाव्या कोपऱ्यातली फुली

सोमवारी अभयचं गाड्या पॉलिश करायचं दुकान उघडतंय न उघडतंय तोच फौजदार विश्वजीत उस्मानपुऱ्यात हजर झाले. नमस्कार-चमत्कार नाही, थेट प्रश्न.

"शनिवारी पांढरी गाडी पॉलिश केली. पुढच्या डाव्या कोपऱ्यावर काय होतं?"

"निळा ओरखडा," अभय म्हणाला. "मी काढला."

"लई चांगला काढला. पुरावाच ठेवला नाय."

अभयने मशीन बंद केलं. वाईट धुलाईने बारीक ओरखड्यांचं जाळं पडलेला रंग पुन्हा काचेसारखा करून देण्यात शहरात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि याचा त्याला जरा तोराही होता. तो तोरा त्या सकाळी उतरला.

शनिवारी दहाच्या सुमारास पैठण रोडवर पुंजाराम या भाजीवाल्याच्या निळ्या मोपेडला पांढऱ्या गाडीने उडवलं आणि गाडी न थांबता गेली. म्हाताऱ्याचा खुबा मोडला. टपरीवाल्या बाईने नंबर टिपला होता. गाडी चितेगावच्या तात्यासाहेबांची निघाली. तात्यासाहेब स्टिअरिंगला हात लावत नाहीत, म्हणून त्यांचा ड्रायव्हर शिवराज कोठडीत होता. तो एकच घोकत होता की गाडी साडेनऊलाच पॉलिशला दिली. ती आणायला गेलेला अभयचा धाकटा भाऊ सुयश म्हणत होता, मी अकराला पोचलो. तात्यासाहेब त्या दिवशी परगावी गेलेले. म्हणजे एकाच्या शब्दासमोर दुसऱ्याचा शब्द.

फौजदारांनी कागदपत्र मागितलं. अभयच्या दुकानाचा एक कडक नियम होता. गाडी गिऱ्हाइकाच्या दारातून हलवण्याआधी पावती-पुस्तकातल्या गाडीच्या छापील चित्रावर प्रत्येक ओरखड्याची फुली मारायची आणि सही घ्यायची. नाहीतर लोक स्वतःच्या फाटकाला घासलेली गाडीसुद्धा दुकानाच्या माथी मारतात. शनिवारच्या पानावर वेळ नव्हती, पण शिवराजची सही होती, आणि डाव्या कोपऱ्यावर ठळक फुली.

"म्हंजी गाडी ताब्यात घेतली तवा डाग होताच," फौजदार समाधानाने म्हणाले. पानाचा फोटो काढून ते गेले.

अभय मात्र तिथेच बसून राहिला. मशीनचं शनिवारचं पॅड अजून न धुता बादलीशेजारी पडलं होतं, निळं झालेलं. गाडीच्या रंगावर पारदर्शक थर असतो, त्यामुळे पॉलिश करताना पॅडला रंग लागत नाही. लागलाच तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी वाहनाचा. हे त्याला शनिवारीही कळलं होतं. कुठल्यातरी खांबाला लागली असेल म्हणून त्याने पुढचा हात फिरवला होता. त्याच वेळी तो म्हातारा दवाखान्यात विव्हळत होता. अभयला स्वतःची शरम वाटली.

आणखी एक गोष्ट सलत होती. कुठलंही काम तो बॉनेटवर वितभर जागी करून बघतो, मगच पुढे जातो. शनिवारी सुयश म्हणाला होता, दादा, आधी डावा कोपरा घे. आणि त्याने घेतला होता.

दुपारी तो चितेगावला गेला. पानाची कार्बन प्रत गिऱ्हाइकाकडे असते. तात्यासाहेबांनी घरातल्या गाडीच्या कागदांतून ती काढून दिली. मागच्या दाराच्या मुठीजवळ अंगठीने पडलेल्या केसाएवढ्या ओरखड्याचीसुद्धा फुली होती. डावा कोपरा कोरा होता.

परतताना वाटेत त्याने गाडी बाजूला घेतली. वडिलांमागे सुयशला त्यानेच वाढवलं, देवगाव रंगारीहून शहरात आणलं, मशीन धरायला शिकवलं. हातातला कागद फाडला असता तर कुणालाही पत्ता लागला नसता. शिवराज मात्र आत राहिला असता. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला, आणि फाडायचं मनात आलं याचीच त्याला जास्त लाज वाटली.

मंगळवारी जबाबावर सही करायला सुयश ठाण्यात आला, तेव्हा अभय तिथे आधीच बसला होता. फौजदारांसमोर त्याने दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली.

"बारा फुल्या दोन्हीकडं आहेत. तेरावी फक्त वरच्या पानावर आहे. साहेब, शिवराजसमोर मारली असती तर ती कार्बनमध्ये उतरली असती. ही नंतर मारलीय, दुकानात. म्हणजे गाडी दिली तेव्हा कोपरा साफ होता. धडक त्यानंतर बसली."

"तवा गाडी कोण चालवत होतं?"

"पुस्तक गाडी आणायला जाणाऱ्याच्याच हातात असतं. गाडीही त्याच्याच हातात होती." अभयने निळं पॅड टेबलावर ठेवलं. "मोपेडच्या रंगाशी जुळवून बघा."

फौजदार सुयशकडे वळले. "अकराला पोचला व्हता का?"

सुयशने मान हलवली. नाही. फोनवर बोलत होतो, म्हणाला, मोपेड दिसलीच नाही. घाबरलो म्हणून थांबलो नाही. डाग निघाला की सगळं मिटेल असं वाटलं होतं.

मग तो अभयकडे बघून हळूच म्हणाला, "दादा, पण तो डाग तूच पुसलास ना?"

"व्हय," अभय म्हणाला. "साहेब, याच्याआधी माझा जबाब घ्या. पॅड निळं झालेलं मला शनिवारीच दिसलं होतं."