पडद्यावरचे दोन बाण

एक आकडा चुकला, आणि तिचा बाण भलत्याच माणसाच्या पडद्यावर जाऊन उभा राहिला.

तेव्हा कुणाचा संगणक अडला, की मदत कक्षातल्या माणसाने धापा टाकत तिथवर जायचं. आता जागेवर बसूनच दुसऱ्याचा संगणक चालवता येईल असं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं होतं. आलेल्या तिनांतून एक निवडायचं काम तिच्या गळ्यात पडलं. कक्षात ती सगळ्यात नवी. साहेबांनी बजावलं, "निवड चुकली तर सगळे तुझ्या नावानं खडे फोडतील."

पहिल्याच चाचणीत समोर आलेल्या त्या भलत्या पडद्यावर मालाची अर्धवट यादी होती. तिने बाण हलवला. यादीच्या मधोमध अक्षरं उमटली, 'माऊस सोडून बसलोय, तरी बाण पळतोय. भूत असशील तर ही यादी पूर्ण कर!'

हसू दाबत तिने फोन लावला. "भूत नाही हो, मदत कक्षातून बोलतेय. संगणकाचा क्रमांक टाकताना एक आकडा चुकला."

"म्हणजे यादी मलाच करावी लागणार," एक खर्जातला आवाज म्हणाला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गोदामाचा व्यवस्थापक होता.

पुढच्या सगळ्या चाचण्या तिने गोदामाशीच केल्या. "तिथली लाइन सगळ्यात मंद आहे, साहेब. तिथे चाललं तर कुठेही चालेल." हे खरंही होतं... बरंचसं.

पहिलं सॉफ्टवेअर रखडत चालायचं. दुसरं आधी परवानगी मागायचं.

"चौकट दिसली?"

"दिसली."

"मग 'हो' दाबा ना!"

"विचार करतोय. परक्या माणसाला एकदम आत कसं घ्यायचं?"

"आठ दिवस रोज अकराला येतेय मी!"

"तेच तर. सवय लागली तर?"

परवानगीला चार मिनिटं लागल्याची नोंद पाहून साहेब वैतागले. "इतकं हळू?"

"सॉफ्टवेअर नाही, साहेब. माणूस हळू आहे."

तिसरं झटपट आणि स्वस्त. साहेबांचं मन त्याच्यावरच बसलं. शुक्रवारी शेवटची चाचणी झाली.

"म्हणजे आता उद्यापासून..."

"नाही," ती म्हणाली.

"बरं." त्याने फोन ठेवला.

पण त्याचा पडदा तिला अजून दिसत होता. त्याने अभिप्राय लिहायला घेतला. 'सॉफ्टवेअर उत्तम आहे.' खाली 'मॅडम' — खोडलं. 'तुमचा' — खोडलं. मग एका दमात, 'अकराला तुमचा फोन आला नाही, तर माझा दिवस सुरूच होणार नाही.' बाण त्या ओळीपाशी घुटमळला... आणि ओळ पुसली गेली.

तिने घाईघाईने सगळं बंद केलं. कान तापले होते. आनंदाचा भर ओसरला तशी ती चरकली. आपण पाहतोय हे त्याला कळलंच नव्हतं! हे सॉफ्टवेअर उद्या प्रत्येक टेबलावर जाणार. थांबवायचं, तर कसं कळलं तेही सांगावं लागणार.

सोमवारच्या बैठकीला तो स्वतः आला. आवाजावरून तिने भरघोस मिशा गृहीत धरल्या होत्या. आला तो काडीसारखा, गुळगुळीत चेहऱ्याचा.

"तर मग तिसरं," साहेब म्हणाले.

"नको, साहेब. फोन ठेवल्यावरही मला यांचा पडदा दिसत होता. यांना पत्ताच नव्हता."

"काय दिसलं?"

"खोडलेलं..." तिची मान खाली गेली. "मी लगेच बंद करायला हवं होतं. चुकलं माझं."

तो कानापर्यंत लाल झाला. "लिहिताना चूक झाली होती," तो घाईने साहेबांना म्हणाला. मग तिच्याकडे पाहत म्हणाला, "म्हणजे... लिहिण्यात नाही. खोडण्यात."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग दुसरं घ्यावं लागेल. पण त्याला चार मिनिटं लागतात ना?"

"आता नाही लागणार," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अकराला तिने परवानगी मागितली, आणि बोट उचलायच्या आत 'हो' आलं. पडद्यावर तीच ओळ होती. शेजारी त्याचा बाण थांबला होता. तिने आपला बाण हळूच त्याच्याजवळ नेऊन ठेवला. ओळ या वेळी कुणीच खोडली नाही.

या गोष्टीला आता कितीतरी वर्षं लोटली. अजूनही तो खोलीत वाचत बसला असला, की ती दारावर टकटक करते, "आत येऊ का?"

आतून खर्जातला आवाज येतो, "विचार करतोय..."