भागाबाईंची कॅसेट

माणसाच्या मनाचं चरित्र लिहायचं तर आधी ग्रंथालयातली धूळ खायची, हे मृणालीला तिच्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिच्या अभ्यासाचा माणूस म्हणजे शिंदखेड्याचे रूपचंद मास्तर. सभा गाजवणारा हा वक्ता एका सकाळी गप्प झाला आणि मरेपर्यंत एक अक्षर बोलला नाही. का, ते कुणालाच ठाऊक नाही. पीएच.डी.ला विषय झकास होता. खरं कारण मात्र जळगावला, घरी खाटेवर बसलेलं होतं. मृणालीची आई लीलाबाई नवरा गेल्यापासून बोलायची बंद झाली होती. डॉक्टर झाले, नवस झाले. मास्तर गप्प का झाले ते कळलं, तर आई बोलती कशी होईल तेही कळेल, असं या पोरीनं मनाशी धरलं होतं. वेडी आशा म्हणा हवं तर.

तर ऐन मे महिन्यातल्या दुपारी ती धुळ्याच्या एका जुन्या वाचनालयात बसली होती. बाहेर उन्हानं रस्ता ओस पडलेला, आत कूलरची घरघर आणि डांबरगोळ्यांचा वास. शाळेचे वार्षिक अंक चाळून झाले, स्मरणिका झाल्या, वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली झाल्या. मास्तरांच्या भाषणांचं कौतुक सगळीकडे, मौनाबद्दल चकार शब्द नाही.

शेवटी ग्रंथपाल ज्योत्स्नाताईंना तिची दया आली.

"एक कॅसेट आहे," त्या म्हणाल्या. "मास्तरांच्या बायकोची, भागाबाईंची मुलाखत. कुणी ऐकत नाही ती. लेबल चुकलंय बहुतेक. नाव बाईचं आणि आवाज पुरुषाचा."

"पण भागाबाई तर मुक्या होत्या ना?"

"असं म्हणतात खरं." त्यांनी टेपरेकॉर्डर पुढे सरकवला आणि त्या जेवायला निघून गेल्या.

मृणालीची कामाची एक रीत होती. ऐकून ऐकून टाइप करत बसण्यापेक्षा ती हेडफोन लावायची आणि कानावर पडलेलं प्रत्येक वाक्य आपल्या तोंडानं मोबाइलला सांगायची. मोबाइल ते लिहून काढायचा. अहिराणीची तो वाट लावायचा, पण ते मागाहून दुरुस्त करता यायचं. या कामात तोंड आपोआप चालायचं आणि मन भलतीकडेच असायचं.

आधी नुसती खरखर. मग आवाज आला. भारदस्त, सभेत शोभणारा, पुरुषाचा.

"मी जनमनी मुकी..."

"मी जनमनी मुकी," मृणाली म्हणाली.

"एक दिन त्या मना जोडे बसनात... मना हात धरा..."

एक दिवस ते माझ्याजवळ बसले, माझा हात धरला. ती मागोमाग बोलत गेली.

"माले बोलनात... मनी वाचा तू ली ले. माले नको."

माझी वाचा तू घे, मला नको. मास्तर बायकोला असं म्हणाले होते तर! मृणालीच्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली, सकाळी डबा देताना नुसतीच बघत राहिलेली. "मनी वाचा तू ली ले," मृणाली म्हणाली. "माले..."

पुढचा शब्द आला नाही. घसा सुकला असेल म्हणून ती पाणी प्यायली. पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलले, श्वास बाहेर पडला, पण पडद्यावर काहीच उमटलं नाही. टेप चालूच होती.

"आनि मंग... त्यास्ना आवाज मना गयामा उना."

मास्तरांचा आवाज, बायकोच्या गळ्यात. मृणालीनं हेडफोन ओढून काढले. तेवढ्यात मोबाइल वाजला. घरचा नंबर.

"मृणाली? बाळा, मी बोलतेय... आई." आवाज मृणालीचा होता. "ऐकतेयस ना? अगं, मला बोलता येतंय..." आई रडत होती, हसत होती, लेकीच्याच आवाजात.

एसटीत बसल्या बसल्या मृणालीनं मोबाइलवरचा सगळा मजकूर दुरुस्त केला, राहिलेला पुरा केला. घरी पोहोचली तेव्हा दारात आळी जमलेली. आई बोलत होती, थांबत नव्हती. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं.

"आवाज बठ्ठा पोरना शे हो!" शेजारच्या तानुबाई म्हणाल्या आणि आवाज अगदी लेकीचाच म्हणून सगळ्या हसल्या.

मृणालीला आनंद झाला होता. खरोखर झाला होता. पण तिला आपली वाचाही हवी होती. बायका पांगल्यावर तिनं आईला जवळ बसवलं, मोबाइल हातात दिला आणि मोठ्यानं वाच म्हणून खूण केली. ती ओळ आईच्या तोंडून निघाली की वाचा परत येईल. एकदा मी बोलेन, एकदा तू. वाटून घेऊ, असं तिच्या मनात होतं.

आईनं चष्मा लावला.

"मी जनमनी मुकी," ती वाचू लागली. "एक दिन त्या मना जोडे बसनात. मना हात धरा. माले बोलनात..."

आई थांबली. पुढची ओळ तिनं ओठ घट्ट मिटून वाचली. मग मान वर करून लेकीकडे पाहिलं. मृणालीनं हात जोडले.

आईनं तिच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला. बोटानं ती ओळ पडद्यावरून वर सरकवली आणि खालच्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागली.